चवथीचा बिंदू: एका वाड्याची लाइटबिले आणि संख्यात्मक पद्धतींचा एक वर्ग

फळ्यावर ४,३२० हा आकडा होता आणि त्याच्याखाली दोन रेघा. पाच जणांच्या गटाने तो तीन दिवस खपून काढला होता. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, साठ घरे, प्रत्येक छपरावर तीन किलोवॅटचे सोलर पॅनेल, साठ त्रिक १८० किलोवॅट, गुणिले चोवीस तास, म्हणून दिवसाला ४,३२० युनिट. वाड्याचा रोजचा वापर त्यांनी ४८० युनिट धरला होता. म्हणजे वाडा स्वतःच्या गरजेच्या नऊपट वीज काढणार आणि उरलेली विकणार.

"आणि रात्री?" मागच्या बाकावरून वनस्पतिशास्त्रातून आलेल्या मुलीने विचारले.

गटातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्या चुकीचे मला फारसे वाईट वाटले नाही, चोवीसने गुणणे नवख्या माणसाकडून होतेच. मन खट्टू झाले ते वेगळ्याच कारणाने. सेमिस्टरचा सातवा आठवडा चालू होता. सरासरी, प्रमाण विचलन, नॉर्मल वितरण, टी-चाचणी, साधे रिग्रेशन, सगळे शिकवून झाले होते. या पाचही जणांना अंतर्गत परीक्षेत चांगले गुण होते. दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक खरा की नशिबाचा हे तपासणारी टी-चाचणी त्यांना बिनचूक येत होती. किलोवॅट आणि युनिट यांतला फरक येत नव्हता, आणि तो मी कधी शिकवलाच नव्हता.

हे प्रकरण त्या वर्गाचे आणि त्या वाड्याचे आहे. वाड्याचे नाव देत नाही, कारण लाइटबिल ही घरातली गोष्ट आहे आणि लोकांनी ती विश्वासाने दाखवली. त्याच कारणाने, आणि हिशेब तोंडी करता यावा म्हणूनही, इथले वाड्याचे आकडे गोल केले आहेत. ते गोव्याचे आकडे म्हणून कुणी वापरू नयेत.

अभ्यासक्रमाचे नाव "पर्यावरण आणि ऊर्जा अभ्यासासाठी संख्यात्मक पद्धती". चार क्रेडिट, साठ तास, पदव्युत्तर पहिले वर्ष. मुले सगळीकडून आलेली: वनस्पतिशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, एकजण सिव्हिल इंजिनिअरिंगमधून. मी स्वतः संख्याशास्त्राची. माझ्या हाती आलेल्या आराखड्याचा क्रम कुठल्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात सापडेल असाच होता: आधी वर्णन, मग वितरण, मग चाचण्या, मग रिग्रेशन आणि शेवटच्या तीन आठवड्यांत "उपयोजन". पर्यावरण आणि ऊर्जा हे शब्द फक्त त्या शेवटच्या तुकड्यात होते. मी तो क्रम जसाच्या तसा घेतला, दोन वर्षे.

त्या वर्षी मात्र उपयोजन लवकर दारात आले. वर्गातल्या एका मुलाच्या गावच्या पंचाने त्याला विचारले होते, "तुम्ही ते पर्यावरणाचे शिकता ना? मग सांगा, आमच्या वाड्यावर सगळ्या छपरांवर सोलर बसवला तर वाडा आपली वीज आपण काढील काय?" मुलाने प्रश्न वर्गात आणला. मी म्हटले, करून बघू या. त्यातून तो ४,३२०चा आकडा आला.

किलोवॅट आणि युनिट

त्या तासाचे उरलेले चाळीस मिनिटे आम्ही एकाच ओळीवर घालवली. किलोवॅट म्हणजे वीज किती जोराने येते किंवा जाते ते. बिलावरचे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, किती वीज एकूण गेली ते. नळाची धार आणि भरलेली कळशी, एवढे सांगितल्यावर बहुतेकांना उमगले. ७५ वॅटचा जुना पंखा रात्रभर, दहा तास फिरला तर पाऊण युनिट. दीड टनाचा एसी साधारण तासाभरात तेवढे खाऊन पुढे जातो.

मग पॅनेल. तीन किलोवॅट हा आकडा प्रयोगशाळेतल्या अटींवरचा: दर चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन आणि पॅनेलच्या आतल्या सेलचे तापमान २५ अंश. गोव्यात एप्रिलच्या दुपारी छपरावरचे पॅनेल २५ अंशांवर राहत नाही, आणि सिलिकॉनचे पॅनेल जसजसे तापते तसतसे त्याचे उत्पादन दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने उतरते. सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन, रात्र, ढग हे सगळे धरून आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटांच्या आसपास हिशेब करतात. चोवीस नाही, चार. सहापटीचा फरक. जुलैत, जेव्हा आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, तेव्हा तो आकडा उन्हाळ्याच्या मानाने निम्म्यावर येतो.

फळ्यावर ४,३२० पुसून ७२० लिहिले. गटातला एकजण म्हणाला, "म्हणजे तरी पुरते ना, मॅडम? गरज ४८० आहे." मी विचारले, ४८० कुठून आले. एका घरामागे आठ युनिट, गुणिले साठ. आणि आठ कुठून आले? त्याच्या स्वतःच्या घरच्या बिलातून.

इथे मी ठरवले की उरलेले आठ आठवडे या वाड्याला द्यायचे. आराखड्यातले बहुचल विश्लेषण आणि कालश्रेणी तशाच राहिल्या तरी चालेल. विभागात यावर नाराजी झाली, ती रास्तही होती.

एकाच यादीतून दोन सरासऱ्या

पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीतून वाड्यावरच्या साठ घरांचे क्रमांक घेतले, चिठ्ठ्या टाकून तीस घरे काढली आणि पंधरा-पंधरा अशी दोन गटांना वाटली. वर्षभराची बिले बघायची, दिवसाला किती युनिट पडतात ते काढायचे. दोन गट करण्यामागे एक जुनी युक्ती होती. प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्रीय संस्था स्थापन केली, ते बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या पाहण्यांत नमुन्याचे तुकडे करून वेगवेगळ्या पथकांना देत. शेते एकाच पद्धतीने निवडलेली असूनही पथकांची उत्तरे फार वेगळी आली, तर दोष शेतांत नसून मोजणाऱ्यांत कुठेतरी आहे हे कळावे म्हणून. स्वतःच्या माणसांची चूक स्वतःच पकडायची सोय त्यांनी पाहणीतच शिवून ठेवली होती. मला ही कल्पना संख्याशास्त्रातल्या सर्वांत प्रामाणिक कल्पनांपैकी एक वाटते.

पहिला गट घरामागे पाच युनिटांची सरासरी घेऊन आला, दुसरा नऊंची.

मुलांनी लगेच टी-चाचणी लावली. "मॅडम, फरक सिग्निफिकंट आहे." म्हटले, बरे. मग पुढे? वर्ग थांबला. चाचणीने एवढेच सांगितले होते की हा फरक निव्वळ चिठ्ठ्यांच्या नशिबाने पडला असणे कठीण आहे. मग चिठ्ठी निघाल्यापासून बिल हातात पडेपर्यंत मध्ये काहीतरी घडले होते, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नव्हते. मी दोन्ही गटांच्या वह्या मागवल्या.

पहिला गट मंगळवारी आणि बुधवारी सकाळी दहा ते बारा गेला होता. पंधरापैकी सात दारांना कुलूप. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, फोंड्याच्या दुकानांत, पणजीच्या कचेऱ्यांत माणसे कामाला गेलेली. मुलांनी मग शेजारचे घर घेतले, जिथे कुणीतरी सोप्यावर बसलेले दिसले तिथे. सोप्यावर बसलेली बहुतेक माणसे म्हातारी होती. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. दुसरा गट रविवारी संध्याकाळी गेला. त्यांनाही काही दारे बंद मिळाली, आणि त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले होते: "घर बंद. पलीकडे दिवे दिसले, तिथे गेलो."

विजेच्या पाहणीसाठी दिवे दिसले तिथे जाणे. मी ते वाक्य वर्गात दोनदा वाचले. कुणाला लाजवायला नाही, कारण वहीत खरे लिहिले म्हणूनच चूक हाती लागली होती. हे पहिल्यांदा नेमके पकडले ते वनस्पतिशास्त्राच्या त्याच मुलीने. ती म्हणाली, जंगलात चौकट टाकून झाडे मोजताना आम्हाला बजावलेले असते की काटे आले, चढ आला म्हणून चौकट बाजूला सरकवायची नाही. सरकवली की वाटेकडेची झाडेच मोजली जातात. अर्थशास्त्राच्या मुलांना नमुना निवडीची सूत्रे तिच्यापेक्षा चांगली येत होती, पण चौकट सरकवू नये हे तिच्या पायांना माहीत होते.

बदललेली सगळी घरे रद्द केली. मूळ तीस दारांवर परत जायचे, दार उघडेपर्यंत जायचे, आणि उघडणारच नाही अशा दाराची नोंद "बंद" म्हणून करायची. यात तीन आठवडे गेले. तीसपैकी सहा घरे कायमची बंद निघाली. मालक मुंबईत, पुण्यात, एक कुटुंब आखातात. किल्ली शेजाऱ्याकडे आणि लाइटबिलही शेजारीच भरतो. वर्गाला हे प्रमाण अपघाताने पडलेले वाटले, म्हणून जनगणना काढून दाखवली. २०११च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे नोंदले गेले आहे. आमच्या तिसांतले सहा त्याच्याशी जुळत होते.

आता सरासरी कशाची काढायची यावर वाद झाला, आणि त्या सेमिस्टरमधला माझा आवडता तास तोच. तीसही घरे धरली तर साडेसहा युनिट. राहती चोवीस घरेच धरली तर आठ. आणि मधले घर, म्हणजे मध्यक, पाच. दोन-तीन एसीवाल्या घरांनी सरासरी वर ओढलेली. खरे उत्तर कोणते? भूगोलाच्या मुलाने वाद मिटवला: वाड्याची एकूण गरज हवी असेल तर साडेसहा गुणिले साठ किंवा आठ गुणिले अठ्ठेचाळीस, दोन्ही वाटांनी ३९०च्या आसपासच येते. पण आठ गुणिले साठ केले तर ज्या घरांत कुणी नाही तिथेही आपण दिवे लावले. आणि एखाद्या मावशीला तिच्या घरापुरता सल्ला द्यायचा असेल तर सरासरी तिच्या कामाचीच नाही, तिचे बिल पाचांच्या घराशी जुळते. मी तीन आठवडे मध्य, मध्यक, बहुलक शिकवले होते. त्या दहा मिनिटांत जेवढे पोचले तेवढे तेव्हा पोचले नव्हते.

बिलांतही एक मेख होती. कुठले बिल २८ दिवसांचे, कुठले ३३, एक तर ६१. महिन्याचे युनिट म्हणून मुलांनी जे उतरवले होते ते महिन्याचे नव्हतेच, म्हणून सगळे दिवसावर आणावे लागले. शिवाय घर बंद असल्यामुळे रीडिंग मिळाले नाही तर बिल मागच्या सरासरीवरून येते, तसा शेरा त्यावर असतो. म्हणजे आमच्या तक्त्यात काही आकडे मोजलेले होते आणि काही अंदाजाचे, आणि दोन्ही एकाच रकान्यात, एकाच फाँटमध्ये शेजारी बसलेले. त्यांना वेगळा रंग दिला.

चवथीचा बिंदू

पॅनेल महिन्यागणिक वेगळे देते, म्हणून गरजही महिन्यागणिक हवी होती. मुलांनी राहत्या घरांची बारा महिन्यांची सरासरी काढली आणि कमाल तापमानाशी रिग्रेशन लावले, म्हणजे बिंदूंना सर्वांत जुळणारी रेषा काढली. उकाडा वाढला की पंखे, एसी, फ्रिज, सगळ्यांचा खप वाढणार, हे गृहीतक सरळ होते. आलेखात बिंदू बऱ्यापैकी रेषेवर बसले. मे वर, जुलै खाली. एकच बिंदू भलतीकडे उंच लोंबकळत होता: सप्टेंबर. तापमान मवाळ, पाऊस अजून रेंगाळतोय, आणि वापर मेच्या जवळपास.

सिव्हिलचा मुलगा म्हणाला, "हा आउटलायर आहे, काढून टाकला की आर-स्क्वेअर झकास येतो." आर-स्क्वेअर म्हणजे रेषा बिंदूंना किती जुळते त्याचे माप. त्याने बिंदू काढून दाखवलाही. खरेच झकास आला.

त्या क्षणी मीही त्याला लगेच थांबवले नाही, हे इथे नोंदवते. पुस्तकात बाह्य बिंदू, म्हणजे आउटलायर, ओळखण्याच्या कसोट्या असतात, मी त्या शिकवल्या होत्या, आणि त्या कसोट्यांनुसार तो बिंदू बाह्यच होता. थांबवले ते वाड्यावरच्या मुलाने. तो घरी गेला, आजीला सहज म्हणाला की सप्टेंबरचे बिल एवढे का आले होते. आजी म्हणाली, "चवथीक सगळीं घरा येतात. लायट पेटतलीच."

गोव्यात हे सांगावे लागू नये. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबईचे, पुण्याचे, आखातातले, सगळे मूळ घरी येतात. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली रात्रभर दिवे, आरत्या, नेवऱ्या (करंज्या) तळणे, पाहुण्यांसाठी पाणी तापवणे, सगळ्या खोल्यांत पंखे. आमच्या तक्त्यात जी सहा घरे "बंद" होती त्यांपैकी चार त्या बिलात उघडी होती. वर्षभर जवळजवळ शून्य आणि एका महिन्यात एकदम वर. वर्गातले निम्मे विद्यार्थी त्याच चवथीला स्वतः घरी गेले होते आणि तरी आलेखात ती कुणाला दिसली नव्हती. मलाही नाही. आलेख हातात आला की आपण गावाबाहेर जाऊन उभे राहतो, असे काहीसे होते.

मग तो बिंदू काढण्याऐवजी त्याला समीकरणात जागा दिली. ज्या बिलाच्या काळात चवथ पडते त्याला १, इतरांना ०. डमी चल हा धडा मी आधी शिकवला होता, "पुरुष ०, स्त्री १" असे रूक्ष उदाहरण देऊन. आता तो मुलांनी मागून घेतला. आणि मागितल्यावर लगेच त्यातली गाठही समोर आली. हा चल "सप्टेंबर" असा लिहून चालत नाही. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. चांद्रमास सौरवर्षात मागे मागे सरकतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलला जातो. २०२३ला अधिक श्रावण होता. त्यामुळे कुणी गोव्याच्या दोन वर्षांच्या ऑगस्टांची तुलना करून "वापर इतका वाढला" म्हणाला, तर त्याने कदाचित फक्त पंचांग मोजलेले असेल. पाश्चात्त्य देशांतले संख्याशास्त्रज्ञ ईस्टरसाठी, चीनमधले नववर्षासाठी हीच दुरुस्ती नेहमी करतात. आपल्या मुलांना ईस्टरची दुरुस्ती संदर्भलेखांतून ठाऊक व्हावी आणि चवथीची होऊ नये, याचे मला वाईट वाटले. त्यावर बिलाचा काळ महिन्याच्या मधूनच सुरू होतो, म्हणून चवथ कुठल्या बिलात पडली हे घराघरागणिक बघावे लागले.

त्यानंतर मे महिनाही संशयाच्या भोवऱ्यात आला. मे उष्ण म्हणून वापर वाढतो की शाळांना सुट्टी पडते आणि मुंबईकर नातवंडे महिनाभर राहायला येतात म्हणून? दोन्ही कारणे एकाच महिन्यात, एकाच दिशेने. बारा बिंदूंवरून ती वेगळी करता येत नाहीत, कितीही चांगले सॉफ्टवेअर घेतले तरी. भौतिकशास्त्राच्या मुलीने उपाय सुचवला: बारा सरासऱ्या टाकून द्या, प्रत्येक घराचे प्रत्येक बिल वेगळे ठेवा आणि प्रत्येक घराची त्याच्याच वर्षाच्या सरासरीशी तुलना करा. ज्या घरांत पाहुणे येत नाहीत तिथे मे किती वाढतो ते बघा. तिला माहीत नव्हते, पण तिने पॅनेल डेटाची, म्हणजे तीच घरे पुन्हा पुन्हा मोजून केलेल्या तक्त्याची, पहिली पायरी स्वतः शोधली होती (या पॅनेलचा सोलरशी संबंध नाही). पाहुणे न येणारी घरे फारच थोडी निघाली, म्हणून उत्तर ढोबळच राहिले: वाढ दोन्हींमुळे आहे, उकाड्याचा वाटा मुलांनी पहिल्यांदा धरला होता त्याहून कमी. विश्वासमर्यादा, म्हणजे खरे उत्तर ज्यात असू शकते तो पट्टा, इतकी रुंद होती की त्यापुढे बोलणे योग्य नव्हते, आणि अहवालात ती रुंदी तशीच छापली.

ग्रामसभा

छपरे मोजायचे काम त्यामानाने लवकर उरकले. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. बंद घरांवर मालकाच्या संमतीशिवाय काही बसत नाही, आणि भावाभावांत न वाटलेल्या सामायिक घरांवर संमती कुणाची हाच प्रश्न. काही छपरांवर माडांची आणि पोफळींची सावली. कौलारू उतार उत्तरेकडचा. शेवटी साठांतली वीसेक छपरे उरली. वीस त्रिक साठ किलोवॅट, गुणिले चार, दिवसाला २४० युनिट. गरज ३९०. नऊपटीवरून आम्ही रुपयात दहा आण्यांवर आलो होतो, आणि जुलैत तेही नाही, साधारण तिसरा हिस्सा.

कार्बनचा हिशेबही मुलांनी जोडला. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरीने ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात, केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो आकडा दर वर्षी काढते. गोव्यात स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली बरीच वीज छत्तीसगडमधल्या कोरबासारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. वाड्यावर दिवा लागतो आणि धूर कोरब्यात निघतो, हे वाक्य अहवालात मुलांचे आहे, मी ते खोडले नाही.

ग्रामसभेत पंचाने सरळ विचारले, "म्हणजे हो की नाही?" मुलगा म्हणाला, "वर्षभर नाही, काका. उन्हाळ्यात बरेचसे, पावसात थोडे." सभेतला एक गृहस्थ वैतागला, एवढे दिवस फिरून हेच सांगायचे होते काय म्हणाला. त्याचे चुकले नव्हते. पण मागे बसलेल्या एका कुळागरवाल्याने (कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग) विचारले की त्याच्या पंपाचे काय. पोफळीला आणि माडाला पाणी लागते ते पाऊस सरल्यावर, डिसेंबरपासून मेपर्यंत, आणि पंप दिवसाच चालतो.

मुलांनी तिथल्या तिथे आपला महिनावार तक्ता काढला. पॅनेल जेव्हा भरपूर देते तेच महिने, तेच तास पंपाचे. घरांचा वापर संध्याकाळी सात ते दहा, तेव्हा पॅनेल झोपलेले. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होत असल्यामुळे, बिलात ते जुळवून घेता येते, पण तारेत त्या वेळी वीज बाहेरूनच येत असते. पंपाचे गणित मात्र ऊन आणि तहान यांच्या वेळा जुळल्यामुळे आपोआप बसत होते. पंचायतीने विचारलेला प्रश्न हा नव्हता. मुलांनी मोजलेल्या रकान्यांतूनच तो सुटला. पुढच्या बैठकीसाठी पंचायतीने घरांच्या आधी कुळागरांचे पंप घेतले, आणि दोन विद्यार्थ्यांनी सुट्टीत पंपांचे तास लिहून काढायचे कबूल केले.

आराखड्यात काय हलवले

पुढच्या वर्षी पहिले तीन आठवडे एकके, मोजमाप आणि "हा आकडा कुणी, कुठे, कधी घेतला" याला दिले. नमुना निवड वितरणांच्या आधी आणली. टी-चाचणी उशिरा, आणि नेहमी दोन गटांच्या वह्यांबरोबर. वितरणांचे सहा तास कापले. माझ्या एका सहकाऱ्याने याला विरोध केला आणि अजूनही करतात. त्यांचे म्हणणे असे की यातली दोन-तीन मुले उद्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत किंवा वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात जातील, तिथे त्यांना वितरणांचा पाया कच्चा असणे परवडणार नाही. हे खरे आहे. दोन तास मी परत दिले, चार दिले नाहीत.

वाचनात दामोदर धर्मानंद कोसंबी घातले. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने १९४३ साली एक पद्धत मांडली, तिच्याच जातकुळीतले तंत्र आज हवामानशास्त्रज्ञ समुद्राच्या तापमानाच्या प्रचंड तक्त्यांतून ठळक आकृतिबंध काढायला रोज वापरतात. मुलांना ते इतिहासकार म्हणूनच ठाऊक होते. पण वर्गात मी जास्त वेळ दिला तो त्यांच्या नाण्यांना. प्राचीन आहत (ठसे मारून केलेली) नाणी किती काळ वापरात होती हे झिजेवरून काढता येईल, असे त्यांना वाटले. मग झीज वापराबरोबर खरोखर कशी वाढते हे बघायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणी हजारोंनी तराजूवर घातली. आधी रोजचे, हाताशी असलेले वजन करायचे, मग दोन हजार वर्षांपूर्वीचे बोलायचे. याच माणसाने १९६० साली पुण्यात अणुऊर्जेवर बोलताना भारताने सूर्याच्या ऊर्जेकडे वळावे असे हिशेब मांडून सांगितले होते. गोव्यात ऊर्जेचा अभ्यासक्रम चालवायचा आणि त्यात कोसंबी नसायचे, हे मला माझेच चुकलेले वाटते.

पहिल्या तासाचे गृहपाठही बदलले: घरची वर्षभराची लाइटबिले आणा. त्या वर्षी एक मुलगा रिकाम्या हाताने आला. डिचोलीहून येऊन भाड्याच्या खोलीत राहतो, मालक विजेचे महिन्याला ठरावीक पैसे घेतो, बिल त्याला कधी दिसत नाही. दुसरे काहीतरी द्या, असे म्हणाला. मी म्हटले, खोलीतच बघ काय मिळते. महिनाभराने त्याने आपला पंखा, दिवा, लॅपटॉप, इस्त्री, पाण्याची किटली, प्रत्येकाचे तास दिवसागणिक लिहून आणले. वॅट उपकरणांच्या मागच्या पट्टीवरून घेतलेले. ज्या दिवशी तो उशिरा आला आणि लिहायचे राहून गेले, त्या दिवसांचे आकडे त्याने नंतर आठवून भरले होते. तक्त्याला त्याने शेवटी एक अरुंद रकाना जोडला होता, त्यात दर ओळीसमोर एकच अक्षर: मोजलेल्याला "मो", आठवलेल्याला "आ".